डोळ्यांतील बाहुली

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांना ‘प्यूपिल’ हा शब्द लवकरच भेटतो. प्यूपिल म्हणजे विद्यार्थी, हा त्याचा अर्थ ती पाठ करतात आणि पुढे जातात. परंतु कधी तरी शब्दकोश चाळताना त्याच शब्दापुढे छापलेला दुसरा अर्थ दृष्टीस पडतो. प्यूपिल म्हणजे डोळ्याच्या मध्यभागी दिसणारा काळा ठिपका, अर्थात डोळ्याची बाहुली! शाळेच्या बाकावर बसणारा विद्यार्थी कोठे आणि डोळ्यांतील तो इवलासा ठिपका कोठे! या दोहोंना एकच नाव मिळावे, याचे कुणालाही नवल वाटेल.

दोन निराळे शब्द कधी कधी योगायोगाने सारखे दिसतात. मराठीत फुलांची ‘माळ’ आणि गुरे चरायला जातात तो ‘माळ’ यांचा उच्चार एकच आहे. पण त्यांचे मूळ एक नाही. प्यूपिलची गोष्ट मात्र तशी नाही. त्याचे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटलेले आहेत. ते मूळ शोधण्यासाठी सुमारे दोन हजार वर्षे मागे, रोमन लोकांच्या लॅटिन भाषेपर्यंत जावे लागते.

लॅटिन भाषेत ‘पूपा’ असा एक शब्द होता. पूपा म्हणजे लहान मुलगी. आणि पूपा म्हणजे मुलींच्या खेळण्यातील बाहुलीही. रोममधील मुली मातीच्या, हाडाच्या, चिंध्यांच्या बाहुल्यांशी खेळत. श्रीमंतांच्या मुलींना हस्तिदंताच्या बाहुल्या मिळत. मुलगी मोठी होऊन तिचे लग्न ठरले, की ती आपल्या बाहुल्या देवतेला अर्पण करी. इ. स. 1889 मध्ये रोम शहरात न्यायमंदिराचा पाया खणत असताना एक प्राचीन दगडी शवपेटी सापडली. क्रेपेरेइया त्रिफाएना असे नाव असलेली एक तरुणी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तीत चिरनिद्रा घेत होती, आणि तिच्याजवळ तिची हस्तिदंती बाहुली ठेवलेली होती. त्या बाहुलीचे हातपाय सांध्यांशी हलतात आणि तिचा केशसंभार त्या काळच्या रोमन स्त्रियांसारखा आहे. ‘पूपा’ म्हणजे काय, हे ती बाहुली आजही न बोलता सांगते.

आता, एखादी वस्तू लहान आहे किंवा लाडकी आहे असे दाखवायचे असले, म्हणजे भाषा तिच्या नावाला एखादा छोटा प्रत्यय जोडते. मराठीत मोठा तो सुरा, लहान ती सुरी. मोठा तो डबा, लहान ती डबी. लॅटिन भाषेतही अशीच रीत होती. तिने ‘पूपा’ या शब्दाला लघुत्व दाखवणारा प्रत्यय लावला आणि ‘पूपिल्ला’ हा शब्द तयार केला. पूपिल्ला म्हणजे छोटीशी मुलगी, चिमुकली बाहुली. मुलासाठी याच शब्दाचे पुल्लिंगी रूप होते ‘पूपिल्लुस’. इंग्रजी प्यूपिल हा याच शब्दांचा वंशज होय. या घराण्यात इतरही भावंडे आहेत. दोऱ्यांनी नाचवतात त्या बाहुलीला इंग्रजीत ‘पपेट’ म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे कलावंत जिचा खेळ करतात, ती आपली कळसूत्री बाहुली तीच. सुरवंटाचे फुलपाखरू होण्यापूर्वी तो कोशात निश्चल पडून राहतो, त्या अवस्थेला शास्त्रज्ञ ‘प्यूपा’ म्हणतात. घट्ट गुंडाळून ठेवलेल्या बाळासारखा किंवा बाहुलीसारखा तो दिसतो, म्हणून अठराव्या शतकात स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी त्याच्यासाठी हा शब्द योजला.

परंतु डोळ्यांत बाहुली कोठून आली?

याचे उत्तर कोणत्याही पुस्तकावाचून मिळू शकते. दोन मित्रांनी खिडकीजवळ, चांगल्या उजेडात समोरासमोर बसावे. एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांत अगदी जवळून निरखून पाहावे. मधल्या काळ्या वर्तुळात त्याला एक चिमुकली आकृती दिसेल. तिला डोके असेल, खांदे असतील. ती हलली तर त्याच्याबरोबरच हलेल. ती आकृती त्याची स्वतःचीच असते! डोळ्याच्या पुढच्या बाजूला पारपटल नावाचे स्वच्छ, पारदर्शक आवरण असते. ते घड्याळाच्या फुगीर काचेसारखे बाहेर आलेले असते. चमकदार आणि फुगीर पृष्ठभाग आरशाचे काम करतो, पण त्यात प्रतिमा फार लहान दिसते. पितळेच्या घासलेल्या तांब्यावर आपला चेहरा केवढासा दिसतो, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. तसेच येथे घडते. ही प्रतिमा डोळ्यात कोठेही पडू शकते. परंतु मागे काळी पार्श्वभूमी असली, की ती अधिक उठून दिसते. म्हणून त्या काळ्या वर्तुळातच कुणी तरी लहानशी बाहुली बसली आहे, असा भास होतो. रोमन लोकांनी तो भास पाहिला आणि त्या जागेलाच ‘पूपिल्ला’ हे नाव दिले.

हे सुचले ते केवळ रोमन लोकांनाच नव्हे. त्यांच्यापूर्वी ग्रीक लोक डोळ्याच्या या भागाला ‘कोरे’ म्हणत असत आणि कोरे म्हणजे मुलगी. प्लेटो या तत्त्ववेत्त्याच्या नावावर असलेल्या एका संवादात सॉक्रेटिस आपल्या तरुण शिष्याला हेच दाखवून देतो. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्याला आरशाप्रमाणे स्वतःचा चेहरा दिसतो, असे तो सांगतो. आणि ज्याप्रमाणे डोळ्याला स्वतःला पाहण्यासाठी दुसऱ्या डोळ्यात पाहावे लागते, त्याप्रमाणे मनाला स्वतःची ओळख पटण्यासाठी दुसऱ्या मनात पाहावे लागते, असा बोध तो त्यातून काढतो.

भारतातही हेच घडले. संस्कृतमध्ये डोळ्याच्या बाहुलीला ‘कनीनिका’ म्हणतात. कन्या आणि कनीनिका हे एकाच कुळातील शब्द आहेत. हिंदीत तिला ‘पुतली’ म्हणतात, आणि पुतली हा शब्द ‘पुत्रिका’, म्हणजे लेक किंवा बाहुली, या संस्कृत शब्दापासून आला आहे. फारसी भाषेतील ‘मर्दुमक’ या शब्दाचा अर्थ छोटा माणूस असा होतो, तर अरबी भाषेत तिला ‘डोळ्यातील माणूस’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत तिचे नाव ‘डोळ्यातील मुलगी’ असे आहे. आणि मराठी माणूस तर सहजपणे ‘डोळ्याची बाहुली’ म्हणून जातो. त्या शब्दात खेळण्यातली बाहुली लपली आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. यांतील काही भाषांनी एकमेकींचे पाहून हे नाव घेतलेही असेल. परंतु इतक्या दूरदूरच्या लोकांना तेच नाव पटले, याचे कारण उघड आहे. आई आणि मूल जेथे जेथे एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, तेथे तेथे ती बाहुली दिसतेच.

या छोट्या आकृतीने भारतातील प्राचीन ऋषींनाही विचार करायला लावले होते. छांदोग्य उपनिषदात एक कथा आहे. आत्म्याचे ज्ञान मिळावे म्हणून देवांमधून इंद्र आणि असुरांमधून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे गेले. बत्तीस वर्षे त्यांनी शिष्य म्हणून तेथे वास केला. मग प्रजापतीने सांगितले, की डोळ्यात जो पुरुष दिसतो तो आत्मा होय. शिष्यांना वाटले, डोळ्यात दिसते ती आपली प्रतिमाच! त्यांनी पाण्याने भरलेल्या पात्रात पाहिले, तेथेही आपलेच प्रतिबिंब दिसले. विरोचनाचे समाधान झाले. देह हाच आत्मा, असे समजून तो आनंदाने घरी गेला आणि तेच असुरांना शिकवू लागला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवर थबकला. देह सजला तर प्रतिबिंब सजते, देह आंधळा झाला तर प्रतिबिंबही आंधळे होते. मग असले प्रतिबिंब म्हणजे आत्मा कसा असेल, अशी शंका त्याला आली. तो परत फिरला आणि एकूण 101 वर्षे शिष्य राहून त्याने खरे ज्ञान मिळवले. दोघांना गुरू एकच होता, उपदेशही एकच होता. पण एकाने दिसले तेवढ्यावरच विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने दिसले त्याच्या पलीकडे काय आहे, असे विचारले.

डोळ्याच्या बाहुलीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनाही इंद्राचीच वाट धरावी लागली. बाहुलीत दिसते ती पाहणाऱ्याची प्रतिमा. मग बाहुली स्वतः काय आहे? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. बाहुली म्हणजे एक छिद्र आहे! डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या मध्यावर जे काळे, तपकिरी किंवा घारे वर्तुळ दिसते त्याला बुबुळ म्हणतात. बुबुळ हा एक गोल पडदा आहे आणि त्या पडद्याच्या मध्यभागी जे भोक आहे, तीच बाहुली. बाहेरचा प्रकाश या भोकातून आत जातो, त्यामागील भिंगातून पुढे सरकतो आणि डोळ्याच्या आतल्या बाजूला असलेल्या दृष्टिपटलावर पडतो.

हे सत्य उमगायला मनुष्याला बराच काळ लागला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला जाऊन भिडले म्हणजे वस्तू दिसते, असे पुष्कळ प्राचीन पंडित मानीत असत. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल्‌ हैथम या अरब शास्त्रज्ञाने त्या मताचे खंडन केले आणि प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, असे युक्तिवादाने आणि प्रयोगांनी दाखवून दिले. पुढे इ. स. 1604 मध्ये जर्मन ज्योतिर्विद योहानेस केप्लर यांनी, बाहुलीतून आत गेलेल्या प्रकाशाने दृष्टिपटलावर वस्तूची उलटी प्रतिमा कशी उमटते, हे स्पष्ट केले.

भोक जर आहे, तर ते काळे का दिसते? भर दुपारी रस्त्यावरून एखाद्या घराच्या उघड्या खिडकीकडे पाहिले, तर आतील खोली काळोखी दिसते. खोलीत प्रकाश नसतो असे नाही; परंतु आत गेलेल्या प्रकाशापैकी फारच थोडा त्या खिडकीतून परत बाहेर येतो. डोळ्याचेही तसेच आहे. त्यातून आणखी एक मौज अशी, की बाहुलीतून जो थोडासा प्रकाश परत येतो, तो आला त्याच वाटेने मागे फिरतो. तो पाहायचा तर आपला डोळा त्या वाटेवर आणावा लागतो; आणि डोळा तेथे आणला, की आपल्याच डोक्याची सावली पडून प्रकाश अडतो. ज्याला आत पाहायचे, त्यानेच उजेड अडवावा, असा हा पेच होता.

क्योनिग्सबर्ग येथील विद्यापीठात शिकवणारे हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी 1850 मध्ये तो पेच सोडवला. आपल्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडण्याच्या तयारीत असतानाच त्यांना त्याची युक्ती सुचली. त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश त्या काचांवरून परावर्तित होऊन रोग्याच्या डोळ्यात जाई, आणि परत येणारा प्रकाश त्याच काचांमधून आरपार येऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरे. अशा रीतीने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत, थेट दृष्टिपटलापर्यंत पाहण्याचे साधन निर्माण झाले. 1851 मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. आज प्रत्येक नेत्रवैद्य त्या साधनाचे सुधारलेले रूप वापरतो. ज्या छिद्रात माणसाला हजारो वर्षे केवळ स्वतःची बाहुली दिसत होती, त्या छिद्रातून पलीकडचे पाहणे असे शक्य झाले, आणि अनेकांचे डोळे आंधळे होण्यापूर्वी वाचू लागले.

बाहुलीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती लहानमोठी होते. बुबुळात दोन प्रकारचे सूक्ष्म स्नायू असतात. एक बाहुलीला गोल वेढून असतो. तो आवळला की बाहुली लहान होते. दुसऱ्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले असतात. ते आखडले की बाहुली मोठी होते. प्रखर उन्हात बाहुलीचा व्यास सुमारे 2 मिलिमीटर होतो, तर अंधारात तरुण माणसाच्या बाहुलीचा व्यास 8 मिलिमीटरपर्यंत वाढू शकतो. व्यास चौपट झाला म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ सोळापट होते, हे गणित जाणणाऱ्यांच्या लक्षात येईल. उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत गेल्यावर प्रथम काही दिसत नाही आणि मग हळूहळू दिसू लागते, त्याला बाहुलीचे हे उघडणे काही अंशी कारणीभूत असते. हे काम ती कुणाच्या आज्ञेवाचून, आपोआप करते. एका डोळ्यावर प्रकाश पाडला तर दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदम आकुंचन पावतात. म्हणूनच डोक्याला मार लागलेला मनुष्य बेशुद्ध पडला, की डॉक्टर प्रथम त्याच्या डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकून पाहतात. बाहुली प्रकाशाला उत्तर देते की नाही, यावरून मेंदूची स्थिती कशी आहे याचा अंदाज त्यांना येतो. रोगी बोलू शकत नसतो. त्याच्या वतीने बाहुली बोलते.

येथपर्यंत डोळ्याची कथा झाली. आता राहिला विद्यार्थी. त्याला हे नाव कसे मिळाले?

यासाठी पुन्हा रोमला परत जावे लागते. ‘पूपिल्लुस’ आणि ‘पूपिल्ला’ या शब्दांना रोमन कायद्यात एक विशेष अर्थ होता. ज्या लहान मुलाचा पिता मरण पावला आहे आणि जे अजून वयात आलेले नाही, अशा मुलाला पूपिल्लुस आणि मुलीला पूपिल्ला म्हणत. आई जिवंत असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते मूल निराधारच समजले जाई, कारण घराचे सर्व अधिकार पित्याकडे असत. सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने ही वयाची मर्यादा मुलींसाठी 12 वर्षे आणि मुलांसाठी 14 वर्षे अशी निश्चित केली होती. ज्या वयाची मुले आज सहावी-सातवीच्या वर्गात बसतात, त्याच वयाची ही मुले होती.

अशा मुलाच्या घराचे, शेताचे, पैशाचे काय व्हावे? आप्तस्वकीयच ते गिळंकृत करू लागले तर त्याने कोणाकडे दाद मागावी? म्हणून कायद्याने त्याला एक पालक नेमून देण्याची व्यवस्था केली. इ. स. पूर्व 450 च्या सुमारास रोमन लोकांनी आपले प्राचीन कायदे बारा फलकांवर लिहून ठेवले, त्यांतही या पालकांविषयी नियम होते. मुलाच्या मालमत्तेचा अपहार करणाऱ्या पालकाला दुप्पट भरपाई द्यावी लागे. मूल वयात आले, की पालकाने सर्व हिशेब चोख द्यायचा, असाही दंडक होता.

या पालकाला लॅटिन भाषेत ‘तूतोर’ म्हणत. हा शब्दही ओळखीचा वाटेल, कारण इंग्रजीतील ‘ट्यूटर’, म्हणजे घरी शिकवणारा शिक्षक, तो हाच. तूतोर हा शब्द ज्या धातूपासून आला, त्या धातूचे दोन अर्थ होते: पाहणे आणि सांभाळणे. ज्याच्यावर आपली नजर आहे, त्याचे आपण रक्षण करतो, हा अनुभव त्या अर्थांच्या मुळाशी आहे. मराठीतही ‘देखरेख’, ‘देखभाल’, ‘लक्ष ठेवणे’ हे सारे शब्द पाहण्यातूनच आलेले आहेत आणि सांभाळण्याचा अर्थ देतात. तेव्हा तूतोर म्हणजे ज्याची दृष्टी मुलावर आहे तो. आणि पूपिल्लुस म्हणजे ज्याच्यावर ती दृष्टी आहे ते मूल. मराठी शाळांच्या सूचनाफलकांवर ‘पालक’ आणि ‘पाल्य’ ही जोडी नेहमी वाचायला मिळते. रोमन कायद्यातील ही जोडी नेमकी तशीच होती.

पालकाच्या कर्तव्यात मुलाला शिक्षण मिळेल असे पाहणे हेही येत असे. त्यामुळे हळूहळू शब्दांचे अर्थ सरकले. तूतोर हा केवळ मालमत्ता राखणारा न राहता शिकवणारा झाला, आणि पूपिल्लुस हा केवळ पोरका न राहता शिकणारा झाला. इंग्रजीत प्यूपिल या शब्दाचा प्रथमचा अर्थ पोरके मूल असाच होता; विद्यार्थी हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात मिळाला. पुढे जुना अर्थ रोजच्या बोलण्यातून मागे पडला आणि नवा रूढ झाला.

फ्रेंच भाषेत मात्र तो जुना अर्थ अजून जागा आहे. पहिल्या महायुद्धात लक्षावधी फ्रेंच सैनिक मारले गेले आणि त्यांची मुले पोरकी झाली. तेव्हा 27 जुलै 1917 रोजी फ्रान्सने एक कायदा केला. त्या मुलांचे पालकत्व राष्ट्राने स्वीकारले आणि त्यांना जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘राष्ट्राचे पाल्य’ असा होतो. त्यात रोमन कायद्यातलाच तो पूपिल्लुस शब्द फ्रेंच रूपाने आलेला आहे.

या राष्ट्राच्या पाल्यांपैकी एक होता आल्बेर काम्यू. त्याचा जन्म 7 नोव्हेंबर 1913 रोजी, त्या काळी फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियात झाला. तो एक वर्षाचाही झाला नव्हता, तोच 1914 मध्ये मार्न नदीकाठच्या लढाईत त्याचे वडील जबर जखमी झाले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आईला नीट ऐकू येत नसे आणि लिहिता-वाचताही येत नसे. लोकांच्या घरची धुणीभांडी, झाडलोट करून ती संसार चालवी. घरात एकही पुस्तक नव्हते. प्राथमिक शाळा संपली, की मुलाने कामाला लागावे, असे घर चालवणाऱ्या आजीचे मत होते. आणि त्या दारिद्र्यात ते मत गैर म्हणता येत नाही. परंतु शाळेतील लुई जर्मेन नावाच्या शिक्षकांची नजर या मुलावर होती. ते स्वतः त्या युद्धात लढून आले होते. त्यांनी मुलाची बुद्धी ओळखली, त्याला शाळेबाहेर विनामूल्य शिकवले, घरी जाऊन आजीचे मन वळवले आणि त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले. मुलगा उत्तीर्ण झाला आणि त्याच्यासाठी पुढील शिक्षणाचे दार उघडले. 1957 मध्ये काम्यू यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांनी आपल्या त्या जुन्या शिक्षकांना पत्र लिहिले. ही वार्ता कळताच आईच्या पाठोपाठ प्रथम तुमचीच आठवण झाली, असे त्यांनी त्यात कळवले. पारितोषिकाच्या वेळचे भाषण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेही त्यांनी लुई जर्मेन यांना अर्पण केले. काम्यू हे शब्दाच्या दोन्ही अर्थांनी ‘प्यूपिल’ होते: पितृहीन पाल्य आणि विद्यार्थी. त्यांच्या शिक्षकांमध्येही तूतोर या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

अशा प्रकारे बाहुलीपासून निघालेला एक शब्द दोन वाटांनी गेला. एका वाटेने तो डोळ्यात जाऊन बसला आणि दुसऱ्या वाटेने शाळेत. पण दोन्ही ठिकाणी त्याने आपला मूळ अर्थ सोडला नाही. दोन्ही ठिकाणी कुणी तरी लहान आहे आणि कुणाच्या तरी दृष्टीत आहे. बाहुली दिसायची, तर दुसऱ्याच्या डोळ्यांजवळ जावे लागते. लांबून ती दिसत नाही. मूल वाढायचे, तर त्याच्यावरही कुणाची तरी जवळून, मायेची नजर असावी लागते. ज्यांना अशी नजर लाभली नाही अशी मुले जगात त्या काळी होती, आजही आहेत. आणि त्यांच्याकडे पाहणे हे केवळ आईबापांचे नव्हे, तर साऱ्या समाजाचे कर्तव्य आहे, हे रोमन लोकांच्या त्या जुन्या कायद्यानेही ओळखले होते.

शब्दार्थ

लघुत्व : लहानपणा. चिरनिद्रा : मृत्यू, कायमची झोप. केशसंभार : केसांची रचना. पारपटल : डोळ्यावरील पारदर्शक आवरण. दृष्टिपटल : डोळ्याच्या आतील ज्या पडद्यावर प्रतिमा उमटते तो पडदा. खंडन करणे : चूक आहे असे सिद्ध करणे. ज्योतिर्विद : आकाशातील ग्रहताऱ्यांचा अभ्यासक. परावर्तित होणे : आदळून मागे फिरणे. अपहार : दुसऱ्याची वस्तू लबाडीने घेणे. दंडक : ठरलेला नियम. पितृहीन : वडील नसलेला.

स्वाध्याय

1. ‘पूपा’ आणि ‘पूपिल्ला’ या लॅटिन शब्दांचे अर्थ सांगा.

2. दुसऱ्याच्या डोळ्यात आपली लहानशी प्रतिमा का दिसते?

3. डोळ्याच्या बाहुलीला वेगवेगळ्या भाषांत कोणती नावे आहेत? त्या नावांत कोणते साम्य आढळते?

4. विरोचन आणि इंद्र या दोन शिष्यांत कोणता फरक होता? तुम्हांला कोणाची रीत योग्य वाटते? कारण द्या.

5. हेल्महोल्ट्झ यांच्यापुढे कोणता पेच होता आणि त्यांनी तो कसा सोडवला, ते आपल्या शब्दांत लिहा.

6. ‘तूतोर’ आणि ‘पूपिल्लुस’ या जोडीची ‘पालक’ आणि ‘पाल्य’ या जोडीशी तुलना करा.

7. पुढील शब्दांची लहान वस्तू दाखवणारी रूपे लिहा : लोटा, गाडा, टोपला, दोर.

8. पाहण्याशी संबंधित असून सांभाळण्याचा अर्थ देणारे आणखी शब्द व वाक्प्रचार शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

9. उपक्रम : अंधाऱ्या खोलीत काही वेळ बसून मग आरशासमोर दिवा लावा. आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांत कोणता बदल होतो, त्याचे निरीक्षण करा व चार-पाच ओळींत नोंद लिहा.